रेग्युलेटर असलेल्या मॅच एअर रायफलचा वेग एकसारखा राहत नाही. आधी काय तपासावे?

मुलुंडकर:

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल प्रकारात ज्युनिअर गटात खेळते, आणि तिची राज्य स्पर्धा काही आठवड्यांवर आली आहे. मागचा हंगाम संपल्यावर आम्ही तिच्यासाठी एका ज्येष्ठ नेमबाजाकडून वापरलेली जर्मन मॅच रायफल घेतली. ४.५ मिमीची बॅरल, २०० बारचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि सिलिंडर व व्हॉल्व्ह यांच्या मध्ये रेग्युलेटर (सिलिंडरमधला दाब उतरवून एका ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा भाग), अशी तिची रचना आहे. रायफल चांगली जपलेली आहे, ट्रिगर उत्तम आहे आणि उन्हाळाभर तक्रारीला जागा नव्हती.

पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र दोन गोष्टी खटकू लागल्या आहेत. मालिका संपवून रायफल स्टँडवर ठेवली आणि पाऊण तासाने पुन्हा उचलली, की पहिला शॉट हमखास खाली लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या शॉटपासून पुन्हा जागेवर येतो. शिवाय एकूण ग्रुपच (टार्गेटवरचा शॉटचा पुंजका) पूर्वीपेक्षा उभा लांबला आहे आणि थोडा आडवाही पसरला आहे. ओळखीच्या एका नेमबाजाकडून प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ मिळवून रेंजवरच वेग मोजला. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला (छऱ्याला) सेकंदाला १६८ ते १७४ मीटर असा वेग येतो, आणि बराच वेळ थांबल्यानंतरचा पहिला शॉट १६५ च्या आसपास येतो. रेग्युलेटर असलेल्या रायफलमध्ये इतका फरक असावा, हे माझ्या मनाला पटत नाही.

मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे, त्यामुळे पाना हातात घेण्याची भीती नाही. पण या यंत्राची सवयही नाही. एका परिचितांनी रेग्युलेटरचा दाब थोडा वाढवून पाहा, म्हणजे वेग वाढेल आणि स्थिरही होईल, असे सुचवले आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, हॅमरच्या (व्हॉल्व्हला ठोकून उघडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा ताण वाढवा. तिसऱ्यांनी सगळे खापर पेलेटवर फोडले आहे. यातले आधी काय करावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

वरळीवाला:

मुलुंडकर साहेब, पाना बाजूला ठेवून आधी कागद-पेन्सिल घ्या, कारण तुमच्या तक्रारीतला किती भाग वेगाचा आहे आणि किती नाही, हे हिशेबातून बरेचसे कळते.

सेकंदाला १७० मीटर वेगाने निघालेल्या पेलेटला दहा मीटर जायला सुमारे ०.०५९ सेकंद लागतात. हवेचा अवरोध सोडून दिला, तर तेवढ्या वेळात ते गुरुत्वाकर्षणाने साधारण १७ मिमी खाली येते. वेग सेकंदाला एका मीटरने बदलला, तर या १७ मिमीमध्ये ०.२ मिमीचा फरक पडतो. आता टार्गेटकडे पाहा. दशांश गुणपद्धतीत एक दशांश म्हणजे मध्यापासून ०.२५ मिमी. म्हणजे एका मीटरच्या चढउताराने एक दशांश गुणही पुरता जात नाही. पण तुमच्या १६८ आणि १७४ या दोन टोकांमध्ये जवळजवळ १.२ मिमीचे अंतर येते, आणि १७२ च्या वेगाला शून्य केलेल्या, म्हणजे शॉट बरोबर मध्यावर लागावा अशी साइट जुळवलेल्या, रायफलमधून १६५ चा शॉट सुटला, तर तो सुमारे १.४ मिमी खाली लागतो. बाकी सगळे अचूक असूनही जो शॉट १०.९ व्हायला हवा, तो १०.४ होतो. तेव्हा वेगाची तुमची तक्रार खरी आहे, काल्पनिक नाही.

मात्र या हिशेबातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. वेगातल्या फरकाने पेलेट वर किंवा खाली लागते. डावीकडे-उजवीकडे जात नाही. ग्रुप आडवा पसरला असेल, तर त्याचा रेग्युलेटरशी काहीही संबंध नाही, आणि रेग्युलेटर कितीही सुधारला तरी तो पसारा तसाच राहणार. म्हणून टार्गेटवरचा उभा आणि आडवा पसारा वेगवेगळा मोजा. दोन्ही सारखेच असतील, तर दोष पेलेट, बॅरल, ढिले स्क्रू किंवा नेमबाज यांच्यात शोधायचा. उभा पसारा आडव्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असेल, तेव्हाच हवेच्या बाजूला वळायचे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे दोन स्वतंत्र दोष एकाच वेळी आले आहेत, आणि एकाच्या उपायाने दुसरा बरा होईल अशी अपेक्षा धरल्यास गोंधळ वाढेल.

क्रोनोग्राफबद्दलही थोडी शंका घेतो. प्रकाशावर चालणारी ही यंत्रे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिव्यांखाली चुकीचे आकडे देतात, कारण आपल्याकडच्या विजेवर हे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि सेन्सरला त्या लुकलुकीतून पेलेटची सावली ओळखायची असते. दिवे बंद करून उघड्या दाराच्या उजेडात, किंवा यंत्रासोबत येणाऱ्या स्वतंत्र प्रकाशपट्टीखाली पुन्हा मोजा, आणि बॅरलच्या तोंडापासून यंत्राचे अंतर दरवेळी तेच ठेवा. शिवाय कमाल आणि किमान यांच्यातल्या फरकावर एकट्यावर विसंबू नका. शॉट वाढले की तो फरक आपोआप वाढतो. दहा शॉटच्या मालिकेत तो प्रमाण विचलनाच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) साधारण तिप्पट निघतो. दोन मालिकांची तुलना करायची असेल, तर दोन्हींत शॉट सारखे असावेत आणि तुलना प्रमाण विचलनाची करावी.

दाब वाढवण्याचा सल्ला मात्र ऐकूच नका. दहा मीटरवर जास्त वेगाने काही मिळत नाही. या रायफली मुद्दाम सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपास ठेवलेल्या असतात, आणि व्हॉल्व्ह, हॅमर व हवेची कोठी यांचा मेळ त्याच दाबावर बसवलेला असतो. दाब वाढवला आणि हॅमर तोच राहिला, तर व्हॉल्व्ह उघडायला जड जातो आणि वेग वाढण्याऐवजी उलट घटू शकतो. तुमचा पहिला शॉट मंद का येतो, याचे उत्तरही बहुधा इथेच आहे, पण ते घाटकोपरचे लेथवाले जास्त चांगले सांगतील.

लेथवाला:

वरळीवाल्यांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे, तर सविस्तर लिहितो.

रेग्युलेटरमध्ये एक पोकळ पिस्टन असतो. त्याचे अरुंद टोक सिलिंडरच्या बाजूच्या सीटवर, म्हणजे वाट बंद करणाऱ्या प्लास्टिकच्या बैठकीवर, टेकते आणि रुंद टोक व्हॉल्व्हसमोरच्या छोट्या कोठीकडे असते. मध्ये बशीच्या आकाराच्या स्प्रिंग-वॉशरची चळत पिस्टनला सीटपासून दूर ढकलत असते. शॉट सुटला की कोठीतला दाब पडतो, वॉशर पिस्टनला मागे रेटतात, सिलिंडरमधली हवा आत येते. कोठीतला दाब ठरलेल्या आकड्यावर पोहोचला की तोच दाब रुंद टोकावर जोर देऊन पिस्टन पुन्हा सीटवर बसवतो आणि वाट बंद होते. मॅच रायफलमध्ये हा ठरलेला दाब मॉडेलनुसार बदलतो. सिलिंडरमधल्या २०० बारच्या मानाने तो निम्म्याहूनही कमी असतो.

आता सीटवर बारीक कण बसला, ओरखडा आला किंवा सीटचे प्लास्टिक दबून त्यावर खोल वर्तुळ उमटले, तर वाट पूर्ण बंद होत नाही. नळ बंद करूनही थेंब-थेंब गळत राहावा, तशी हवा कोठीत झिरपत राहते. लागोपाठ शॉट मारताना हे कळत नाही, कारण झिरपायला वेळच मिळत नाही. रायफल थोडा वेळ नुसती ठेवली, की कोठीतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर चढतो, आणि पहिला शॉट त्या चढलेल्या दाबावर सुटतो. याला इंग्रजी शब्दच रूढ आहे, क्रीप.

दाब चढला तर पहिला शॉट वेगवान यायला हवा, मग तुमच्याकडे तो मंद का, हा प्रश्न तुमच्यातल्या अभियंत्याला पडलाच असेल. त्याचे उत्तर हॅमरच्या ताणात आहे. कोठीतला दाब व्हॉल्व्हला बंद ठेवतो आणि हॅमर त्याला क्षणभर ठोकून उघडतो. हॅमरला भरपूर ताकद असेल, तर जास्त दाब म्हणजे जास्त वेग. हॅमरची ताकद जेमतेम असेल, तर चढलेल्या दाबासमोर व्हॉल्व्ह कमी उघडतो, कमी वेळ उघडा राहतो आणि शॉट मंद येतो. तुमच्या रायफलमध्ये हॅमर दाबाच्या मानाने हलका बसलेला आहे, असा माझा अंदाज आहे.

मंद पहिल्या शॉटचे आणखी एक कारण असते: हॅमरवर किंवा व्हॉल्व्हच्या दांड्यावर घट्ट झालेले ग्रीस. तेव्हा या दोहोंतला फरक ओळखायला हवा, आणि तो रायफल न उघडता ओळखता येतो. बहुतेक मॅच रायफलमध्ये हॅमर-स्प्रिंगचा ताण बदलण्याचा स्क्रू बाहेरून पोहोचता येईल असा दिलेला असतो. त्याची आत्ताची स्थिती नोंदवून ठेवा, मग पाव फेरी आत घ्या, तेवढाच वेळ थांबा आणि पहिला शॉट मोजा. तो आता मंद येण्याऐवजी इतर शॉटपेक्षा वेगवान आला, तर दोष क्रीपचाच. ताण वाढवूनही पहिला शॉट मंदच राहिला, तर ग्रीसकडे पाहा. शिवाय दोन मिनिटे, पंधरा मिनिटे आणि रात्रभर अशा वेगवेगळ्या विश्रांतींनंतरचा पहिला शॉटही मोजून ठेवा. क्रीप असेल तर विश्रांतीच्या लांबीबरोबर फरक वाढत जातो आणि मग एका ठिकाणी थांबतो.

हॅमरचा ताण कुठे ठेवावा, याबद्दल माझी पद्धत अशी आहे. रेग्युलेटर निरोगी असताना ताण थोडा-थोडा वाढवत वेगाचा आलेख काढला, तर वेग आधी चढतो, मग सपाट होतो. सपाट भागाच्या पार आत गेले, तर हवा वाया जाते आणि आवाज व धक्का वाढतो. चढणीवर फार खाली राहिले, तर हॅमरमधला किंवा दाबातला बारीकसा फरकही वेगात उमटतो. सपाट भाग सुरू होण्याच्या किंचित अलीकडे, म्हणजे कमाल वेगाच्या तीन-चार टक्के खाली, रायफल सर्वांत शहाण्यासारखी वागते. पण हे काम रेग्युलेटर दुरुस्त झाल्यावरचे. क्रीप असलेल्या रायफलचा हॅमर जुळवत बसणे म्हणजे हलत्या पाण्यावर रेघ मारणे आहे.

आता पावसाळ्याबद्दल. मुंबईत जुलैमध्ये तीस अंश तापमान आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असते. ०.२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला सुमारे ४० लिटर मोकळी हवा लागते, म्हणजे त्या हवेबरोबर साधारण एक ग्रॅम पाणी. कॉम्प्रेसरला पाणी वेगळे करणारा टप्पा आणि ओलावा शोषणारे फिल्टर नसेल, किंवा फिल्टरचा मसाला कित्येक महिन्यांत बदललेला नसेल, तर त्यातले बरेचसे पाणी दर भरणीला सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये जाते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती सुटून सीटवर बसते, आणि मग वर सांगितलेले सगळे पुराण सुरू होते. तुमची तक्रार पावसाबरोबर सुरू झाली, यात मला योगायोग दिसत नाही. कोरड्या हवेच्या डायव्हिंग सिलिंडरमधून भरणे जमत असेल, तर तसे करा. भरताना घाई नको; हवा दाबताना तापते आणि गार झाल्यावर दाब दहा-पंधरा बार सहज उतरतो.

उघडायचेच ठरवले, तर दोन सूचना. सिलिंडर काढला म्हणून रायफल रिकामी झाली, असे समजू नका. कोठीत अजून दाब असतो, तो सुरक्षित दिशेला शॉट मारून पूर्ण संपवायचा आणि मगच पहिला स्क्रू फिरवायचा. आणि आत खनिज तेल किंवा साधे ग्रीस अजिबात नको. उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते. सिलिकोन ग्रीस, तेही ओ-रिंगवर नुसती झिलई येईल इतकेच. वॉशरच्या चळतीचा क्रम आणि दिशा फोटो काढून ठेवल्याशिवाय हलवू नका, कारण एक वॉशर उलटा बसला तरी दाब बदलतो. रेग्युलेटरच्या बाजूला एक बारीक छिद्र असते, ते वॉशरची जागा बाहेरच्या हवेला जोडते. तिथून हवा फुसफुसत असेल तर पिस्टनची ओ-रिंग गेली आहे. ओ-रिंगा नागदेवी स्ट्रीटवर मापाने मिळतात, पण मापाबरोबर रबराचा कठीणपणाही विचारा. दुकानदार समोर ठेवतो ती साधारणपणे ७० शोअरची (शोअर हे रबराच्या कठीणपणाचे माप) असते, आणि उच्च दाबाच्या जागी बऱ्याचदा ९० लागते. सीट मात्र उत्पादकाच्या संचातलीच घ्या. लेथवर सीट वळून देणारे भेटतील, मीही त्यातलाच आहे, पण तुमच्या मुलीच्या स्पर्धेच्या तोंडावर हा प्रयोग मी सुचवणार नाही.

दहा_नऊ:

लेथवाल्यांशी बहुतेक बाबतीत सहमत आहे. एका गोष्टीत नाही. हॅमरचा स्क्रू तपासणीपुरता फिरवणे ठीक आहे, पण राज्य स्पर्धेला काही आठवडे उरले असताना आलेखातली सर्वोत्तम जागा शोधत बसणे मला धोक्याचे वाटते. हॅमरचा ताण बदलला की शॉट सुटतानाचा झटका आणि आवाज बदलतो, शून्य हलते, आणि मुलगी आठवडाभर रायफलशी नव्याने ओळख करून घेत बसते. रेग्युलेटर दुरुस्त करून स्क्रू होता तिथे परत आणावा आणि आलेख हंगामानंतर काढावा.

प्रशिक्षक म्हणून दुसरे असे सांगते, की विश्रांतीनंतरचा पहिला शॉट निर्दोष रायफलमधूनही बऱ्याच मुलांचा वाईट जातो. रायफल पुन्हा खांद्याला लावताना गालाचा दाब, बटप्लेटची उंची आणि पायांची जागा जराशी बदलते. त्यामुळे ही सगळी मापे मुलीच्या हातून घेऊ नका. रायफल लाकडी बाकाला पकडसाच्यात (व्हाइसमध्ये) घट्ट बसवा, पकड स्टॉकवर किंवा रिसीव्हरवर असावी, बॅरलवर किंवा सिलिंडरवर नको, आणि तसेच शॉट मारा. मुलगी आणि रायफल यांना वेगळे केल्याशिवाय कोणाला दोष द्यायचा, हे कळणार नाही. आणि अशा वेळी दोष मुलीच्याच माथी मारला जातो, हे मी फार वेळा पाहिले आहे.

आडव्या पसाऱ्यासाठी आधी स्क्रू पाहा: स्टॉकचे, मागच्या साइटचे, पुढच्या साइटचे. मग बॅरलमधून फेल्टच्या गोळ्या पुढे सरकवून शिसे काढा, आणि साफ केल्यानंतरचे पहिले काही शॉट मोजू नका. त्यानंतर पेलेट. पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा डब्यावर छापलेला असतो, आणि कुठला व्यास कुठल्या बॅरलला मानवेल, हे पकडसाच्यातून मारल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच व्यासाच्या दोन लॉटमध्येही फरक निघतो. ग्रुप काठापासून काठापर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा, म्हणजे पेलेटच्या मध्यांमधले खरे अंतर हाती येते.

हे सगळे इतके बारीक का पाहायचे, असे पालक विचारतात म्हणून एक आकडा देते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला, तेव्हा आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे पात्रता फेरीतले गुण ६३२.५ होते. साठ शॉटने भागले तर सरासरी १०.५४ येते. त्या पातळीवर शॉटमागे अर्धा दशांश म्हणजे एकूण तीन गुण, आणि तीन गुणांत यादीतली जागा कुठल्या कुठे जाते. तुमची मुलगी आज त्या पातळीवर नसली, तरी रायफल तिच्या वाटेत येऊ नये इतके तरी आपण पाहायला हवे.

मुलुंडकर:

तिघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहिले, त्याचा वृत्तांत देतो. पुढे कोणाला अशीच अडचण आली तर उपयोगी पडेल.

रायफल बाकाला बांधून आणि दिवे बंद करून दाराच्या उजेडात मोजले, तेव्हा वेगाचा पसारा १६८-१७४ वरून १६९-१७३ वर आला. म्हणजे थोडा भाग दिव्यांचा होता, सगळा नव्हे. दोन मिनिटांच्या विश्रांतीनंतर पहिला शॉट इतरांसारखाच, पंधरा मिनिटांनंतर १६७, आणि रात्रभर ठेवून सकाळी १६४. हॅमरचा स्क्रू पाव फेरी आत घेतला, तर पंधरा मिनिटांनंतरचा पहिला शॉट थेट १७६ वर गेला आणि पुढचे १७३-१७४ वर स्थिरावले. लेथवाल्यांचा अंदाज इतका नेमका निघाला की माझ्यातला अभियंता खूश झाला. स्क्रू लगेच मूळ जागी आणला.

उघडण्याचे काम मी स्वतः न करता शहरातल्या एका जाणकार दुरुस्तीकाराकडे दिले, मात्र शेजारी बसून पाहिले. सीटवर पिस्टनच्या काठाचे वर्तुळ खोल उमटलेले होते, आणि त्या खाचेत एका बाजूला पिठासारखी पांढरी भुकटी चिकटलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती. पिस्टनच्या टोकावर भिंगातून पाहिल्यावर त्याच जागी पुसट डाग दिसला. वॉशर ठीक होते, फक्त दोघांवर गंजाची पिवळट झाक होती, म्हणून तेही बदलले. नवी सीट, नव्या ओ-रिंगा, आणि दाब उत्पादकाने दिलेल्या आकड्यावरच. आता वेग १७० ते १७२ मध्ये राहतो, आणि रात्रभर ठेवल्यानंतरचा पहिला शॉटही त्याच पट्ट्यात येतो. सिलिंडर आता कोरड्या हवेच्या डायव्हिंग सिलिंडरमधून भरून घेतो. दादरपर्यंत जावे लागते, पण भरणी पुष्कळ दिवस पुरते.

वरळीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे आडवा पसारा मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. स्क्रू सगळे घट्टच होते. बॅरल साफ केल्यावर थोडा फरक पडला, आणि पेलेट ४.४९ वरून ४.५० वर नेल्यावर ग्रुप गोल झाला. मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर आता आधीच्या जवळपास निम्मे येते.

दोन शंका उरल्या आहेत. पेलेट वजन करून निवडावीत का? झवेरी बाजारात एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा सहज मिळतो. आणि दुसरे म्हणजे, स्पर्धेच्या दिवशी सिलिंडरमध्ये किती दाब उरला की पुन्हा भरावा?

लेथवाला:

पेलेटचे वजन एक टक्क्याने, म्हणजे पाच मिलिग्रॅमने, वेगळे असेल, तर त्याच हवेवर वेग साधारण अर्ध्या टक्क्याने बदलतो, सेकंदाला पाऊण-एक मीटर. टार्गेटवर ते ०.२ मिमीपेक्षाही कमी. चांगल्या मॅच पेलेटमध्ये एका डब्यात इतका फरक क्वचितच असतो. काटा घ्यायचा तर हौसेने घ्या, गुणांसाठी नव्हे. त्यापेक्षा प्रत्येक पेलेटचा मागचा घेर डोळ्यांनी पाहावा. तो चेपलेला असेल तर पेलेट वाकडे उडते, आणि हे वजनात दिसत नाही. डबा बॅगेत मोकळा हलू देऊ नका, चेपलेल्या घेरांची निम्मी कारणे तिथे असतात.

दाबाबद्दल सांगायचे, तर सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या आकड्याखाली गेला, की रेग्युलेटरचे काम संपते आणि वेग शॉटगणिक घसरत जातो. त्या आकड्याच्या थोडे वरच, वीस-तीस बार शिल्लक असतानाच, भरून घ्या. सराव सामन्यात एकदा मुद्दाम १५०, १२० आणि १०० बारला वेग मोजा. काही रेग्युलेटरचा दाब सिलिंडर रिकामा होताना किंचित सरकतो, आणि तुमच्याचा सरकतो का हे त्यावरून कळेल. सरकत असेल तर शून्य करताना आणि सामना खेळताना सिलिंडर साधारण सारख्याच दाबाला ठेवा.

दहा_नऊ:

एक राहिले. वापरलेली रायफल आहे, म्हणून सिलिंडरवर ठोकलेली तारीख पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची आहे, आणि ती संपलेली नाही हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकलेली आहे. मुदत संपत आली असेल तर नवा सिलिंडर आत्ताच मागवा, यायला वेळ लागतो; आणि जुना कोणाला विकू नका.

मुलुंडकर:

तारीख पाहिली. मुदतीला अजून सव्वा वर्ष आहे, नव्याची चौकशी आजच करतो.